बाळंतशेपांच्या काढ्याची नोंद

शरीरशास्त्र शिकणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षात जेवढे रोग होतात तेवढे पुढं आयुष्यभर होत नाहीत. नागपूरला गेल्यापासून परीक्षेपर्यंत मला निदान पंधरा तरी झाले असतील. हृदयाचं प्रकरण सुरू होतं तेव्हा माझं हृदय ठोके चुकवायचं. फुप्फुसांचं सुरू झालं आणि मला धाप लागू लागली. मूत्रपिंडाच्या प्रकरणात तर मी दोन आठवडे स्वतःची लघवी बाटल्यांत भरून खोलीच्या खिडकीत ओळीनं मांडून ठेवली होती. सकाळी उठलो की एकेक बाटली उन्हात धरून रंग पाहायचो आणि वहीत लिहायचो. शेवटी खोलीतल्या जोडीदारानं एके दिवशी त्या सगळ्या खिडकीबाहेर ओतून दिल्या आणि म्हणाला, "तुला काहीही झालेलं नाही." मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. निरोगी म्हटल्याचा असा राग दुसऱ्या कुणाला आल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं एकोणीसशे तीसच्या पुढच्या सालातलं. वैशाखात सुट्टी लागली तेव्हा मी मूर्तिजापूरला गाडी बदलून कारंज्याला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं आमच्या गावी आलो. आमचं गाव कामरगावच्या बाजूला. पेटीत इंग्रजीतला एक जाडजूड ग्रंथ होता, ताप मोजायची काचेची कांडी होती आणि नोंदींच्या तीन वह्या. कपडे थोडेच होते. आमच्या गुरुजींनी वर्गात एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती, नोंद ठेवा. पाहाल ते लिहा, मापाल ते लिहा. मी ती इतकी मनावर घेतली होती, की गाडीवानाची नाडीसुद्धा मी वाटेतलं धनज येईस्तोवर दोनदा मोजली. बैलाची मोजायचा प्रयत्न केला तेव्हा बैलानं ऐकलं नाही.

गावात मी डॉक्टर होऊन आलो अशी बातमी माझ्या आधीच पोचली होती. ती खोटी आहे हे सांगायला मी फारशी घाई केली नाही. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी ओसरीत येऊन बसला आणि त्यानं डाव्या कुशीवर हात ठेवला. दरसाल हिवताप येऊन त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, चांगली वितभर वाढली होती. मला आनंदच झाला. मी त्याला आडवं करून पानथरी कुठून कुठवर आहे ते बोटांनी चाचपलं, ती रक्तातल्या जुन्या पेशींचं काय करते ते समजावून सांगितलं, वर पाटीवर चित्रही काढून दाखवलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"हे सारं ठीक हाय," तो म्हणाला, "पन दुखते त्याचं काय करू?"

ते आमच्या पहिल्या वर्षाला नव्हतं. मी त्याला कारंज्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. तो गेला, पण जाताना ओसरीतल्या बाबांकडं त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या अजून ध्यानात आहे. बाबा पागोटं डोक्यावर ठेवून त्याच्या मागोमाग वावरात निघून गेले.

माझी धाकटी बहीण तेव्हा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली होती. सतरा वर्षांची असेल. मी आल्यावर पाचव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपण केलं ते गावातल्या एका पिंजाऱ्याच्या म्हाताऱ्या बायकोनं. घरात कापूस पिंजायचं काम आणि हाताला सुईणीचं. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जगात आलेली, मीही त्यातलाच. हिंदू असो मुसलमान असो, सगळे तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणायचे.

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात आतली, एका खिडकीची. त्या खिडकीत मायनं गोधडी कोंबली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेगडीवर ओव्याची धुरी. बाहेर वैशाखाचं ऊन असं, की दुपारी अंगणात कोंबडीसुद्धा पाय ठेवत नव्हती. मी उंबरठ्याबाहेरूनच ताप मोजायची कांडी खोलीच्या दारात लटकवली तर पारा माणसाच्या तापाच्या वर जाऊन कांडीच्या टोकाला टेकला. मी नोंद केली.

आणि या सगळ्यावर मायचा एक नियम होता. पाचवी पुजली जाईपर्यंत बाळंतिणीला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. पुढं बारशापर्यंत गुळणीपुरतं. पाणी पाजलं तर अंग सुजतं आणि दुधातून लेकराला सर्दी होते, असं. खायला काय, तर बाजरीची भाकरी, तूप, लसणाची चटणी आणि डिंकाचे लाडू. हा नियम आमच्याच घरचा होता असं नाही. आमच्या भागात घरोघर असंच चालायचं.

आता माझी बाजू सांगतो. शरीरातलं पाणी हे प्रकरण मला तोंडपाठ होतं. घामातून किती जातं, श्वासातून किती जातं, दूध कशाचं होतं, सगळं. त्या वर्षी ज्या मोजक्या गोष्टी मला खरोखर कळल्या होत्या त्यातली ही एक. त्या भट्टीत पडून, लसणाची चटणी खाऊन, लेकराला पाजणाऱ्या बाईला पाणी हवं, याबद्दल मी बरोबर होतो. आयुष्यात मी फार वेळा बरोबर ठरलो नाही, म्हणून हे स्वच्छ लिहून ठेवतो.

बाळ झालं त्याच दिवशी दुपारी माय चुलीपाशी होती आणि खाला घरी गेली होती. मी खोलीच्या दाराबाहेर, माठापाशी उभा होतो. माठ तिथंच असायचा, उंबरठ्यापासून चार हातांवर. मी गडूभर पाणी काढलं होतं आणि पीत होतो. आतून बहिणीचा आवाज आला. आवाज कसला, नुसता ओठांचा.

"दादा, घोटभर पानी दे न मले."

मी गडू खाली केला. विटाळ मी मानत नाही, असं मी नागपूरला तीन मित्रांसमोर जाहीर केलं होतं. जोरात. तिथं तो उंबरठा नव्हता आणि मायही नव्हती. मी आत वाकून पाहिलं. ती घामानं निथळत होती आणि डोळे माझ्या हातातल्या गडूवर होते.

"थांब," मी म्हणालो, "मी मायला पटवून देतो. तुझा हक्कच आहे तो."

आणि गडूतलं उरलेलं पाणी पिऊन मी मायला पटवायला गेलो.

पटवायचं म्हणजे काय, तर मी व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाला आल्यावर, म्हणजे श्रोते पुरे झाल्यावर, मी ओसरीच्या भिंतीवर कोळशानं आकृती काढली. बाईची काढायचा धीर झाला नाही, म्हणून म्हशीची काढली. म्हैस चारा खाते, पाणी पिते, मग दूध देते, असं बाणांनी दाखवलं. गळा कोरडा पडला की मधेच माठातून गडूभर पाणी पिऊन यायचो. तीनदा तरी गेलो असेन.

"म्हशीले आपन पानी दाखवत नाई का? मग हिलेच काहून नाई?" मी विचारलं. तावात आलो की माझी बोली परत यायची.

"माही पोरगी म्हैस हाय का?" माय म्हणाली.

"तसं नाई माय. दुधात बहुतेक पाणीच असते."

"असं? मंग त्या गवळ्याले काहून शिव्या देता तुमी बापलेक?"

खाला तोंडाला पदर लावून हसली. मी तिच्याकडं वळलो. एवढी बाळंतपणं केलेली बाई, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं.

"पानी? तौबा!" ती म्हणाली. "बाळंतिनीले पानी नाई चालत, बेटा. मी तं काढा देते. बाळंतशेपांचा. तुही माय आधन ठेवते, मी शेपा टाकते. दवा हाय ते."

"काढ्यानं काय होते?"

"तू पाह्यलं का कोनाचं बाळंतपन?"

"नाही. बेडूक पाहिला आहे," मी म्हणालो. खरं तर बेडकाचा फक्त एक पाय पाहिला होता, तोही विजेच्या तारेला लावलेला.

"अल्ला त्या बेडकाचं भलं करो," खाला म्हणाली आणि आत गेली.

मला अपमान सोसवला नाही. त्याच दुपारी मी आमच्या नागपूरच्या गुरुजींना पत्र लिहायला बसलो. माझा बेत असा होता, की एवढ्या मोठ्या माणसाच्या सहीचं पत्र मायला वाचून दाखवलं की तिला बोलायला जागाच उरणार नाही. पत्र चार पानांचं झालं. पहिल्या पानावर आमच्या भागाचं हवामान. दुसऱ्यावर खोलीची लांबी-रुंदी आणि शेगडीची जागा. तिसऱ्यावर आकृती, या वेळी बाईची, कारण गुरुजी शिकलेले होते. चौथ्यावर प्रश्न, अशा परिस्थितीत बाळंतिणीस पाणी द्यावे किंवा कसे? अक्षर सुरेख यावं म्हणून मी ते दोनदा लिहिलं. मग डाकेचा माणूस कारंज्याला जाणार होता त्याची वाट पाहिली. तो दुसऱ्या दिवशी गेला.

पत्र गेल्यावर मी दारापाशी जाऊन बहिणीला सांगितलं, "धीर धर. आठ-दहा दिवसांत उत्तर येईल."

ती भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, अंगात बोलायची ताकद उरली नसेल.  मी रात्रीचा घास गिळायचो तेव्हा तिचे ते गडूवर लागलेले डोळे समोर यायचे. पण तसं झालं की मी करायचो काय, तर वही उघडायचो.

वहीत मी दोन गोष्टी लिहीत होतो. एक, बाळ दिवसातून किती वेळा रडलं. ओसरीत बसून मी रेघा ओढायचो. पहिल्या दोन दिवशी रेघांनी पान भरलं. तिसऱ्या दिवशी रेघा कमी झाल्या. चौथ्या दिवशी तर बोटांवर मोजण्याइतक्या. मी आलेख काढला आणि घाबरलो. लेकरू रडायचं थांबलं म्हणजे त्याच्यात त्राण उरलं नाही. आईला पाणी नाही, म्हणून दूध नाही, म्हणून बाळ निपचित. माझ्या ग्रंथात जसं लिहिलं होतं तसंच पायरीपायरीनं चाललेलं होतं. दूध पिऊन पोट भरलं तरी लेकरं रडायची थांबतात, हे ग्रंथात नव्हतं.

दुसरी नोंद खालाच्या काढ्याची. अडाणी समजुती एका वेगळ्या पानावर लिहायच्या असं मी ठरवलं होतं. त्या पानावर अजून माझ्या अक्षरात आहे: 'बाळंतशेपांचा काढा. मोठा गडू भरून. सकाळी दोन वेळा, दुपारी दोन वेळा, दिवेलागणीला एकदा. शेपा अत्यल्प, चिमूटभर. औषधी गुण शून्य. निव्वळ भ्रम.' पाचव्या दिवशी त्याखाली आणखी एक ओळ आहे: 'काढ्याचे प्रमाण वाढविले. आता सहा गडू. अज्ञानाची कमाल.'

मी हे लिहिलं. मी, ज्याला शरीरातलं पाणी हे प्रकरण तोंडपाठ होतं.

पाचवी झाली, गुळणीपुरतं पाणी सुरू झालं. दहावा दिवस गेला. बहीण आता उठून बसायची, मला दारातून दिसायची. चेहरा तुकतुकीत दिसत होता. मी नोंद केली: 'चेहऱ्यावर सूज?'

बाराव्या दिवशी बारसं होतं. खोलीतली गोधडी निघाली, शेगडी निघाली, बहीण न्हाऊन बाहेर येऊन ओसरीत बसली. पाळणा बांधलेला. शेजारपाजारच्या बाया घुगऱ्या घेऊन जात होत्या, खाला पाळण्यापाशी पाय पसरून बसली होती, आणि अशात डाकेचा माणूस पत्र घेऊन आला. नागपूरचा शिक्का पाहून माझ्या अंगात वारं शिरलं. सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. आत एकच कागद होता आणि त्यावर चारच ओळी.

'पाणी द्यावे. मागेल तेवढे द्यावे. हे विचारावयास चार पाने लिहिलीत, तेवढ्या वेळात दिले असते तर बरे झाले असते. आकृती चांगली काढली आहे.'

मी पहिल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. तिसरी गिळली. चौथी पुन्हा मोठ्यानं वाचली.

 मग माय म्हणाली, "बाराव्या दिशी सांगून राह्यला?"

"मी दुसऱ्याच दिवशी सांगत होतो! तू ऐकलंस का? बारा दिवस तिच्या पोटात पाणी नाही, आणि..."

आता खालाला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरे बेटा," ती म्हणाली, "सहा गडूचा काढा कोनं पेला मंग? त्या बेडकानं?"

मी वही आणायला उठलो. उठता उठताच माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तसाच खाली बसलो. माय आधण ठेवायची. मोठ्या पातेल्यात. खाला त्यात चिमूटभर शेपा टाकायची, की ते पाणी राहायचं नाही, दवा व्हायची. पाणी म्हणून दिलं असतं तर नियम मोडला असता. खालाच्या हातचं पाणीही आमच्या घरात कुणी प्यालं नसतं. औषधाला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. म्हणजे मायला सगळं ठाऊक होतं. पातेलं रोज तीच भरत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी मायला विचारलं. मला रडू येईल असं वाटत होतं, रागानं.

"कायले सांगू? उद्या लेकराले शिंक आली तं हिची सासू मले विचारन, पानी देल्लं का म्हनून. मले छातीवर हात ठेवून सांगता आलं पाह्यजे, थेंब नाई देल्ला. तुले सांगतलं असतं तं तू भितीवर चित्र काढून साऱ्या गावाले समजावून देल्लं असतं."

ते मी नक्कीच केलं असतं. काढ्यात पाणी किती, शेपा किती, बाणांसकट.

बाया गेल्या. खालाला मायनं लुगडं दिलं, तीही गेली. माय चुलीकडं वळली. ओसरीत मी, बहीण आणि पाळण्यातलं लेकरू एवढेच उरलो. भिंतीवरची माझी म्हैस अजून तशीच होती. मी वहीतलं ते पान फाडायला काढलं.

"फाडू नोको," बहीण म्हणाली. "राहू दे. पोरगं मोठं झालं की दाखवीन त्याले."

मी हसलो. तीही हसली. मग बाळाला झोका देत, माझ्याकडं न पाहता ती म्हणाली, "खाला पह्यल्या दिशी दिवेलागनीले आली परत. तिले मी मांगतलंच नोतं. तिनं नुसतं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन मायले म्हनली, आधन ठेव."

मी फाडायला धरलेलं पान वहीत परत सरळ केलं.

"मांगतलं तं तुले होतं, दादा. तुह्या हातात गडू होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. वादात मी कधी मागं हटत नाही. तिनं फक्त जे झालं तेवढं सांगितलं, आणि माझ्या तिन्ही वह्यांत तेवढंच लिहिलेलं नव्हतं. उंबरठ्यापासून चार हातांवर माठ होता. वाकून हात लांब केला असता तर उंबरठा ओलांडायचीही गरज नव्हती. मायला कळलं असतं तर फार तर दोन शब्द बोलली असती. मला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

मी उठलो, माठापाशी गेलो, गडू काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर धरला. तिनं आधी गडूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नुकतीच ती जेवून, पाणी पिऊन बसली होती, तिला तहान नव्हती. तरी तिनं गडू घेतला आणि मधे न थांबता सगळा पिऊन रिकामा केला.